बद्द वाजलेला ड्रम

"पायाखाली धडधड होतीया गं," हे म्हणाले आणि जीप रस्त्याच्या कडेला घेतली.

मी पुढंच बसले होते, मांडीवर माझा धाकटा दिपू. मागं सासूबाई, त्यांच्या शेजारी हिरव्या चुड्यातली शेवंता, पायाशी रुखवताच्या करंज्यांचे डबे, आणि डब्यांवर माझी छबी, सहा वर्षांची. शेवंता माझी नणंद. दुसऱ्या दिवशी तिचं लग्न होतं, घाटाखाली, वैभववाडीच्या पुढं नवऱ्याच्या गावात. बाकीचं वऱ्हाड सकाळीच टेम्पोनं उतरलं होतं. आम्ही मागं राहिलो ते नवरी घेऊन. दिवेलागणीच्या आत हळद लागली पाहिजे, असा त्यांचा निरोप होता. शेवंताची दोन लग्नं ठरून मोडली होती, त्यामुळं तो निरोप सासूबाईंनी शंभरदा तरी आम्हाला ऐकवला होता.

"कसली धडधड?" मी विचारलं.

"ब्रेक दाबला की पाय हलतोय. आणि मागनं खर्रर्र आवाज येतोय."

"मग आता?"

"आता काय, वस्तादाकडं. घाट असा उतरता यायचा न्हाई."

सासूबाई मागनं म्हणाल्या, "आजच बरं सुचलं तुझ्या गाडीला!"

दगडूवस्ताद लोहारांचं गॅरेज गगनबावड्याच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच. उंच दगडी जोतं, वर पत्रा, बाहेर एक बाकडं. त्या बाकड्यावर वडापवाले बसलेले असायचे. वडाप म्हणजे माणसं गोळा करून भरतील तेवढी नेणाऱ्या जिपा. आमच्या ह्यांची पण वडापच, घाटाखाली आणि वर. ह्यांना गाडी शिकवली ती वस्तादांनीच. अख्ख्या घाटात त्यांचा शब्द म्हणजे शेवट. बोलणं मात्र फार थोडं. गिऱ्हाईक पाठीमागून दहा वेळा हाका मारी, वस्ताद मान वर करायचे नाहीत. लोक म्हणायचे, वस्ताद मोठा तऱ्हेवाईक. त्याचंही कौतुकच होतं सगळ्यांना.

आम्ही थांबलो तेव्हा दीड वाजला असेल. बाकड्यावर दोघं-तिघं होते, आणि वस्तादांचा लेक लहू. त्याची पण जीप होती, झाडाखाली लावलेली.

"काय श्रीपतराव, नवरी घेऊन इकडं कुठं?" लहू हसला.

ह्यांनी वस्तादांच्या समोर उभं राहून सांगितलं काय होतंय ते. वस्तादांनी ह्यांच्या तोंडाकडं एकटक बघितलं, मान हलवली, आणि मागचं डावं चाक खोलायला घेतलं.

चाक निघालं, त्याच्या मागचा ड्रम निघाला. ड्रम म्हणजे लोखंडाचं जाड पातेलंच. ब्रेक दाबला की आतल्या पट्ट्या त्याला आतून घासतात आणि चाक थांबतं. त्या पट्ट्या, ज्यांना हे लोक लायनर म्हणतात, झिजून पार रिबिटांवर, म्हणजे त्या पक्क्या करणाऱ्या खिळ्यांवर, आल्या होत्या. रिबिटांनी ड्रमला आतून चरे पाडले होते.

"लायनर गेलं," वस्ताद म्हणाले. "ते नवीन मारतो. ड्रमचं बघू."

"बदलायला लागतोय का?" ह्यांनी विचारलं. नवा ड्रम कोल्हापुरातनं आणायचा, म्हणजे उद्याची गोष्ट. हळद गेलीच, अक्षतांचाही भरवसा नाही.

वस्तादांनी उत्तर दिलं नाही. ड्रमच्या भोकात तार ओवून तो त्यांनी आडव्या बांबूला टांगला. खिशातनं लहान हातोडी काढली. बाकड्यावरचे सगळे पुढं सरकले. ही त्यांची पद्धत घाटात प्रसिद्ध होती. ड्रम दुरुस्त करायचा का फेकायचा, ते हातोडी ठरवायची. ड्रम धड असला की घंटेसारखा वाजतो, आत तडा असला की आवाज बसतो. वस्तादांनी एकदा ठोका मारला की पुढं कुणी बोलायचं नाही.

त्यांनी ठोका मारला. मग ड्रम थोडा फिरवून दुसरा मारला.

"खणखणीत हाय," ते म्हणाले. "लेथवर एक हात मारला की चरे जातील. चारपर्यंत सुटाल."

"सुटलो बाबा!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी देवाला हात जोडले.

मी मात्र हात जोडले नाहीत. मी कुंभाराची लेक. वडिलांच्या आव्यातनं निघालेलं मडकं न् मडकं मी बोटाच्या पेरानं वाजवलेलं, पाच वर्षांची होते तेव्हापासून. वरनं कितीही गोमटं दिसू दे, आत केसाएवढी चीर असली की ते बद्द वाजतं. तो ड्रम बद्द वाजला होता. दोन्ही वेळा.

मी ह्यांना बाजूला ओढलं. "अहो, तो ड्रम नीट वाजला नाही."

"काय?"

"बद्द वाजला. तडा हाय त्यात."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांचं स्टेअरिंग मागितलंय. "तू गप बस बघू. वस्तादांच्या कानावर अख्खा घाट चालतो. मडकी वाजवतीया इथं!"

ते मोठ्यानं बोलले. ह्यांचा आवाजच तसला, कानात सांगितलं तरी वेशीपर्यंत जाणारा. बाकड्यावर हशा पिकला. लहू हसला नाही. तो म्हणाला, "वहिनी, आबांच्या हातोडीला नाव ठेवू नका. परवाच माझ्या गाडीचे चारी ड्रम वाजवून दिलेत त्यांनी. डोळं झाकून घाट उतरतोय."

वस्ताद पाठमोरे बसून नवीन लायनर ठोकत होते. एवढं सगळं त्यांच्या मागं चाललं होतं, त्यांनी वळूनही बघितलं नाही. मला वाटलं, राग आला असेल. येणारच.

माणसं चहाला पलीकडच्या टपरीवर गेली. सासूबाई शेवंताला घेऊन सावलीत बसल्या. मी पोरांना करंजी दिली आणि जोत्यापाशी उभी राहिले. मला करमेना. डोळ्यांपुढं सारखी घाटातली ती वळणं यायला लागली, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली दिसणारं कोकण. आणि जिपेत छबी, दिपू, हळदीआधीची नवरी. म्हटलं, माफी मागूनच विचारावं एकदा. वस्तादांची हातोडी थांबली होती, ते रिबिट निवडत होते.

"वस्ताद," मी मागनं म्हटलं, "रागावू नका, पण तो ड्रम परत एकदा वाजवता का?"

उत्तर नाही.

"वस्ताद, मी तुमच्याशी बोलतीया."

रिबिट निवडणं चालूच. चार हातांवर उभी होते मी. मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी आणखी एक पाऊल पुढं गेले आणि म्हटलं, "वस्ताद, तुमच्या पायाशी साप हाय."

त्यांनी एक रिबिट उचललं, उजेडात धरून बघितलं, आणि भोकात घातलं.

अगं आई गं! माणूस तऱ्हेवाईक नव्हता. त्याला ऐकू येत नव्हतं. समोरच्याचं तोंड बघून बोलत होता, म्हणून समोर आल्याशिवाय उत्तर देत नव्हता. आणि हाच माणूस आमच्या घाटातल्या सगळ्या गाड्यांचे ड्रम वाजवून, ऐकून, पास करत होता.

आता काय करावं? ह्यांना सांगावं तर हे तिथंच ओरडणार, "वस्ताद बहिरे झालेत काय?" सगळ्या वडापवाल्यांदेखत. सत्तरीला आलेला माणूस. ह्यांचा गुरू. आमच्या लग्नात ह्यांच्या मागं काका म्हणून उभा राहिलेला. त्याची सगळी इभ्रत त्या एका हातोडीत होती. आणि न सांगावं, तर चार वाजता त्याच ड्रमवर आम्ही घाट उतरणार होतो.

खोटं कशाला सांगू, मी थोडा वेळ गप्प राहायचंही ठरवलं होतं. कदाचित मलाच चुकीचं ऐकू आलं असेल. लोखंड कुठं, मडकं कुठं! तेवढ्यात छबी पळत आली आणि म्हणाली, "आई, मी घाटात पुढं बसणार, मला खालचं सगळं बघायचंय." मी म्हटलं, बरं. आणि जोतं चढले.

लेथवर घालायचा म्हणून ड्रम तारेवरनं काढून जोत्याच्या कडेला ठेवलेला होता. खाली अंगणात मोठा काळा दगड होता, त्यावर वस्ताद गाडीच्या स्प्रिंगांचे पाटे ठोकून सरळ करायचे. मी पदर खोचला. दोन्ही हातांनी ड्रम उचलला. जड होता, पण चिखलाचे गोळे उचललेले हात माझे. छातीपर्यंत आणला. मनात म्हटलं, धड असलास तर फुटणार नाहीस, मी वेडी ठरेन आणि आनंदानं ठरेन. आणि सोडला.

आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू गेला. टपरीवरनं माणसं धावत आली. ड्रमचे दोन तुकडे झाले होते.

"काय केलंस!" हे ओरडले. "काय केलंस तू हे!"

"हात निसटला," मी म्हटलं. "जरा बाजूला ठेवावा म्हणून उचलला."

"तुला कुणी सांगितलं होतं उचलायला? तुझ्या बापानं?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "लेकीच्या लग्नात मोडता घातलास गं बाई! हे पण मोडायचं, तिसऱ्यांदा! आता कुठल्या तोंडानं जायचं आम्ही?" शेवंता तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, आणि तिच्या रडण्याचं मला खरंच वाईट वाटलं. बाकड्यावरचे एकमेकांकडं बघून हसले. मी मान खाली घालून उभी राहिले. मनातनं मात्र मला एवढं हलकं वाटत होतं की काय सांगू. ड्रम गेला. आज कुणी घाट उतरत नाही.

गोंधळ बघून वस्ताद आले. त्यांनी खाली बसून एक तुकडा उचलला. आवाज ऐकू येत नसला तरी डोळे चांगले होते त्यांचे. तुटलेली कड त्यांनी उन्हाकडं केली. ती कड काळी पडलेली होती, गंजानं, जुन्या तेलानं. नवीन तुटलेलं लोखंड चकचकीत दिसतं ना? तसं चकचकीत फक्त बाहेरच्या काठाला होतं, दाभणाच्या जाडीएवढं. बाकी सगळं आधीच फाटलेलं. त्या कडेवरनं त्यांनी अंगठा फिरवला. मग माझ्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. मी नजर काढून घेतली.

माझ्यावर शिव्यांचा पाऊस पडत होता आणि ते तुकडा हातात घेऊन तसेच बसून राहिले. आता खरं सांगते, तेव्हा मला त्यांचा राग आला. एक शब्द तरी बोला की, असं वाटलं. पण मीच झाकलं होतं. मग झाकलेलं राहू दे, म्हटलं.

आणि तेवढ्यात लहू पुढं आला. "मावशी, रडू नका. श्रीपतरावांची गाडी राहू दे इथं. माझी हाय की! चला, बसा सगळी. पाचच्या आत घाटाखाली पोचवतो."

"देवासारखा धावलास रे बाबा," सासूबाई म्हणाल्या. हे डबे उचलायला लागले. शेवंतानं डोळे पुसले. छबी तर आधीच पळाली पुढच्या सीटवर.

चारी ड्रम परवाच आबांनी वाजवून दिलेत, लहूच म्हणाला होता. त्या न ऐकणाऱ्या कानानं पारखलेले! एक ड्रम फोडून मी काय मिळवलं? आता काय फोडू? करंज्यांचा डबा हातात घेऊन मी तशीच उभी होते, आणि ह्यांनी तो माझ्या हातातनं ओढून लहूच्या गाडीत टाकला.

"लहू, थांब."

वस्ताद उठले होते. जाऊन ते सरळ लहूच्या गाडीच्या आडवे उभे राहिले.

"चाक खोल."

"आबा, आता? उशीर होतोय त्यांना. परवाच तर तुम्ही वाजवून दिलेत."

"म्हणूनच खोल," वस्ताद म्हणाले.

कुणाला काही कळेना. वस्तादांनी हातातला तुकडा वर धरला, सगळ्यांना कड दिसेल असा. "हा पोरीच्या हातनं फुटला न्हाई. हा फुटलेलाच होता. श्रीपती, तिला बोलू नगंस. मी खणखणीत म्हटलं ते उगंच म्हटलं. मला ऐकायला येत न्हाई. चार वर्षं झाली. आधी डावा गेला, मग उजवा. तुमची तोंडं बघून बोलतो मी. ठोका मारला की हाताला थोडं कळतं, म्हटलं तेवढं पुरतंय." ते थांबले. "पुरत नव्हतं."

बाकड्यावरचा एकजण हळूच उठला आणि आपल्या गाडीच्या मागच्या चाकापाशी जाऊन उकिडवा बसला. काय बघत होता कुणास ठाऊक, चाक तर बंदच होतं. लहूचं तोंड पांढरं पडलं होतं. हे माझ्याकडं बघत होते, पण मला त्या वेळी ह्यांच्याशी बोलायचं नव्हतं.

"आणि घाट उतरला की झऱ्याचं गार पाणी मारता तुम्ही तापलेल्या ड्रमावर," वस्ताद म्हणाले. "फुशारकीनं मारता, वाफ बघायला. त्यानंच तडकतंय ते. बंद करा." मग त्यांनी खिशातनं हातोडी काढून माझ्यापुढं धरली. "कुंभाराची तू?"

"व्हय."

"तुला ऐकू आलं होतं मघाशी. आता ह्याचे चारी वाजव."

त्या लोकांत, त्या माणसाची हातोडी हातात घ्यायची? मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "घे." आवाज अगदी बारीक. ह्यांचा तसला आवाज मी आजवर दुसऱ्यांदा ऐकला नाही, आणि ह्या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली.

लहूनं स्वतः चाकं खोलली. पोरांना मी खाली उतरवून सासूबाईंजवळ बसवलं. पहिला ड्रम बांबूला टांगला. माझा पहिला ठोका कडेवरनं घसरला. दुसरा लागला. ड्रम वाजला आणि वाजतच राहिला, छान, मोकळा. मी मान हलवली. दुसराही तसाच.

तिसरा बद्द वाजला.

लहूनं खाली बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "देवा!" पण मला त्या आवाजात काहीतरी वेगळं वाटलं. मडकं ओलं असलं किंवा त्याला हात लावून धरलं, तरी ते तसंच बोलतं. मी म्हटलं, "ह्याला ग्रीस आणि माती केवढी हाय बघा. पुसा आधी." लहूनं रॉकेलनं धुतला, पुसला, परत टांगला. ऊन उतरायला लागलं होतं. मी ठोका मारला आणि तो वाजला, खणखणीत. मी खात्री म्हणून फिरवून फिरवून सहा ठिकाणी मारला. चौथ्याला पण काही नव्हतं.

प्रत्येक ठोक्याला वस्ताद ड्रमकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होते.

"चारी चांगले हायत," मी त्यांच्यासमोर उभी राहून सावकाश म्हटलं.

"खरं सांग."

"खरंच चांगले हायत, वस्ताद."

"मघाशी माझ्यासाठी तू खोटं बोललीस. हात निसटला म्हणालीस." त्यांचे डोळे भरून आले होते. "आता बोलू नगंस. माझा लेक हाय गं त्या गाडीत. ह्या तुझ्या लेकरांना, त्या नवरीला घेऊन उतरणार हाय तो. एखादा बद्द असंल तर सांग, मला काही वाटायचं न्हाई."

"न्हाई हो. एक पण न्हाई."

त्यांना पटत नव्हतं. दिसत होतं ना. लहू म्हणाला, "आबा, आम्ही पण ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं." हे म्हणाले, बाकड्यावरचे म्हणाले. वस्ताद एकेकाच्या तोंडाकडं बघत होते आणि मान हलवत होते, नाही नाही म्हणून. सगळेच आपल्याला सांभाळून घेतायत, असं वाटत असणार त्यांना. गाडीच्या आडवे होते, तिथनं हलेनात. सव्वापाच झाले. खाली नवऱ्याच्या मांडवात हळद कालवून बसले असतील.

चाकं चढली, नट आवळून झाले. मी आणखी काही बोलले नाही. जाऊन छबीला उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं. परत आले, दिपूला सासूबाईंच्या मांडीवरनं घेतलं, त्याला छबीच्या शेजारी बसवलं, आणि मग वळून वस्तादांच्या डोळ्यांत बघितलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पोरांकडं. नंतर ते बाजूला झाले, आणि लहूला जा म्हणून हात केला.